आधी गाव, मग पिंगळा

सुरुवातीलाच सांगून टाकते: त्या निवडणुकीत मला मत नव्हतं. माझ्याकडे विद्यार्थी व्हिसा होता, डार्मस्टाटला पर्यावरण अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम होता आणि मावशीच्या घरातली, शिकायला बाहेर गेलेल्या तिच्या मुलाची माळ्यावरची खोली होती. मत नव्हतं. तरी त्या गावात सगळ्यात जास्त दारं मीच वाजवली. आणि ज्यांना मत होतं त्यांनी त्याचं जे काही केलं, ते पाहून माझा झालेला संताप अजून पुरता उतरलेला नाही.

गाव र्युसेल्सहाइमपासून बसने थोडं आत. निम्मे पुरुष मोटारीच्या कारखान्यात, डोक्यावर एकामागून एक विमानं. मावशी, म्हणजे माझ्या आईची मामेबहीण, चंद्रपूरहून फ्रँकफर्टच्या एका इस्पितळात प्रयोगशाळेत कामाला आली आणि या गावातल्या माणसाशी लग्न करून तिथलीच झाली. काका कारखान्याच्या रंगखात्यात. उंच, शांत, आणि एकाच विषयावर हट्टी. माहेरच्या वळणाप्रमाणे मावशी त्यांना 'अहो' म्हणते, त्यामुळे गावातल्या बिअरच्या अड्ड्यावर निम्मे लोक त्यांना 'आहो' म्हणूनच हाक मारायचे. काकांनी कधी कोणाला सुधारलं नाही.

त्यांचा विषय म्हणजे गाव. सत्तरच्या दशकात सरकारने लहान गावं शेजारच्या शहरांना जोडून टाकली, त्यात हेही गेलं. काकांचे वडील स्वतंत्र गावाचे शेवटचे महापौर. वेशीवरच्या पिवळ्या पाटीवर तेव्हापासून शहराचं नाव मोठ्या अक्षरात आणि गावाचं खाली बारीक. काका त्या पाटीवरून गाडी नेताना अजूनही तिच्याकडे बघत नाहीत. गाव पुन्हा वेगळं करा, अशी मागणी करणाऱ्यांची एक यादी ते निवडणुकीला उभी करायचे. मी त्यांना गावमुक्तीवाले म्हणायची.

मावशी दुसऱ्या यादीवर होती, हिरव्या. ती यादी एका निवृत्त जीवशास्त्राच्या मास्तरांनी चालवलेली. गावाच्या कडेला सफरचंदाच्या जुन्या झाडांचं एक मोठं कुरण होतं, शहराच्या मालकीचं. झाडं म्हातारी, पोकळ, आणि त्या ढोल्यांत पिंगळे. आपल्याकडच्या पिंगळ्याचाच भाऊबंद, थोडा जाड. मावशी पहिल्या हिवाळ्यात घरच्या आठवणीने रडायची, तेव्हा त्याचा आवाज ऐकून थांबली म्हणे. पुढे ती दर वसंतात मास्तरांबरोबर शिडी घेऊन झाडांवर लाकडी घरटी टांगू लागली. शहराला तिथे पार्सलांचं गोदाम आणायचं होतं. मास्तर म्हणाले, लढू. मावशी म्हणाली, मग माझं नाव घाला.

हे तिच्यासाठी काय होतं ते सांगायला हवं, कारण बाकी सगळे ते विसरत होते. तिने भारतीय पासपोर्ट फक्त मतासाठी सोडला होता. नोकरीला अडत नव्हतं, राहायला अडत नव्हतं. पण गावातली शाळा राहावी की जावी यावर लोक मत देऊन आले आणि ती गाडीत बसून राहिली, त्यानंतर तिने ठरवलं. वकिलातीत निळ्या पासपोर्टवर रद्दचा शिक्का मारून घेतला, घरी आली आणि त्या दिवशी जेवली नाही. तरी गावात ती 'आहोची भारतीय बायको'च राहिली. बेकरीतली बाई पावाबरोबर काकांची खुशाली विचारायची, हिची नाही. यादीवर नाव लागलं तेव्हा तिने ते मला दोनदा दाखवलं.

आता निवडणूक. फुटबॉलचा विश्वचषक जर्मनीत व्हायचा होता, त्याच्या आधीचा मार्च. हेसन राज्यात स्थानिक मतदान म्हणजे घडी उलगडली की टेबल झाकणारा कागद. आमच्या गावाला एक ओर्ट्सबायराट, म्हणजे शहराला सल्ला देणारी समिती. नुसता सल्ला, ऐकायचं की नाही ते शहराच्या मोठ्या सभागृहाने ठरवायचं. समितीत जागा सात, म्हणून प्रत्येक मतदाराला मतं सात. एका माणसाला जास्तीत जास्त तीन. हवं तर मतं वेगवेगळ्या याद्यांत वाटा. शहराच्या सभागृहासाठी असाच दुसरा, आणखी मोठा कागद. इतकं स्वातंत्र्य दिलं की माणसं लगेच हिशेब करायला बसतात.

मास्तरांनी हिशेब केला. हिरवे एकटे लढले तर एक जागा. गावमुक्तीवाले दोन. बाकीच्या चार जागा शहरातल्या मोठ्या पक्षांना, म्हणजे गोदामाला. पण हिरव्या मतदारांनी आपल्या सातातली तीन मतं काकांना उसनी दिली, तर काकांची यादी तीनवर जाते आणि आपली एक राहते. चार विरुद्ध तीन. बदल्यात गावमुक्तीवाल्यांनी शहराच्या कागदावर काही मतं हिरव्यांना परत करायची. जर्मनमध्ये याला उसनं मत असाच शब्द आहे, आणि तो वापरताना कोणाला काही वाटत नाही.

मी म्हटलं, पण काकांना कुरण हवंय तरी कुठे? ते हवंय असं ते कधी म्हणालेच नव्हते. उलट जेवणाच्या टेबलावर त्यांनी कितीदा सरळ सांगितलं होतं की वेगळ्या गावाला स्वतःचा व्यवसायकर लागणार, त्याशिवाय शाळेची कौलंसुद्धा बदलता येणार नाहीत. करासाठी धंदे हवेत, धंद्यांना जमीन हवी, आणि जमीन एकच. गोदाम नको कारण ते शहराचं. सुतारकाम, गॅरेज, छोटे कारखाने चालतील कारण ते आपले. पिंगळ्यांचं काय, विचारलं की म्हणायचे, "आधी गाव आपलं होऊ दे. मग पिंगळ्यांचं बघू. गेनाऊ?"

गेनाऊ म्हणजे बरोबर ना. मला हे अगदी बरोबर पाठ होतं. चंद्रपूरला आमच्या शेजारी एक वकील राहायचे, वेगळ्या विदर्भाचे कट्टर. कोळसा आमचा, धूर आमचा, वीज मात्र मुंबईची, हे त्यांचं भाषण अंगणात उभ्या उभ्या व्हायचं आणि त्यात खोटं काही नव्हतं. मी कॉलेजात असताना जंगलातल्या नव्या खाणीविरुद्ध आम्ही पत्रकं वाटत होतो, तेव्हा त्यांच्याकडे सहीला गेले. म्हणाले, बेटा, आधी राज्य होऊ दे, मग जंगलाचं पाहू. राज्य चालवायला खाणी नको का? त्यांनी चहा दिला, सही दिली नाही. सात समुद्र ओलांडून आले तर तोच वकील रंगखात्याचे कपडे घालून समोर.

हे सगळं मी हिरव्यांच्या बैठकीत सांगितलं, माझ्या मोडक्या जर्मनमध्ये आणि नको तितक्या मोठ्या आवाजात. मास्तर शांतपणे म्हणाले की आधी गोदाम थांबवू, मग बाकीचं. म्हणजे यांचंही आधी आणि मगच. मतदान झालं, करार मंजूर. मला हात वर करायचा हक्क नव्हता, आणि करारावरचं पत्रक मात्र मीच लिहायचं, कारण पत्रकांचा अनुभव मलाच.

पत्रकाचं मला चंद्रपूरला एकच शिकवलं होतं: पहिल्या ओळीत राग, दुसरीत मागणी, तिसरी ओळ कोणी वाचत नाही. इथे राग चालणार नव्हता, कारण ज्यांच्यावर तो आला होता त्यांनाच तीन मतं द्या म्हणायचं होतं. मग बैठकीवर बैठक: कागद पुनर्वापराचा, ठीक, शाई कुठली? काकांचं नाव हिरव्या अक्षरात यावं का? 'उसनी' म्हणावं की 'विश्वासाने सोपवलेली'? चार माणसं तासभर एका विशेषणावर. शेवटी जे छापलं ते औषधाच्या खोक्यातल्या चिठ्ठीसारखं होतं. चार आम्हाला, तीन त्यांना, धन्यवाद.

आमच्या गावात मावशीखेरीज मराठी घरं तीन होती, त्यातल्या दोघींकडे जर्मन पासपोर्ट. मावशीने संक्रांतीचं हळदीकुंकू केलं तेव्हा करार अजून व्हायचा होता, आणि मी नमुन्याचा कागद दिवाणावर पसरून दोघींना हिरव्यांना सातच्या सात कशी द्यायची ते शिकवत होते. मतं मोजायला तिळाचे लाडू ठेवले. थोरल्या काकूंनी तीन लाडू मावशीच्या नावावर ठेवले. मग तीन काकांच्या.

"काकू, काका दुसऱ्या यादीत आहेत," मी म्हटलं.

"असू देत की. जोडीतल्या एकीलाच कसं द्यायचं? सवाष्णीची ओटी भरताना आपण नवऱ्याला उपाशी ठेवतो का?" दुसरीने मान डोलावली आणि तसंच केलं.

उरलेला एक लाडू मास्तरांना, कारण ते बायकांच्या कार्यक्रमात चुकून पत्रकं द्यायला आले होते आणि बूट बाहेर काढून कोपऱ्यात नीट बसले होते. तीन, तीन, एक. म्हणजे चार हिरव्यांना, तीन काकांना. ज्या सूत्रासाठी पुढे मास्तरांच्या तीन बैठका गेल्या, ते या बायकांनी चहा थंड व्हायच्या आत मांडलं होतं, तेही राजकारणाचा विचार मनात न आणता. मी इतकी वैतागले की एक लाडू खाऊन टाकला. कोणाचं मत होतं ते आठवत नाही.

निकाल हिशेबाप्रमाणे लागला. म्हणजे समितीपुरता. हिरवे मतदार शिस्तीचे, त्यांनी पत्रक वाचून मतं दिली. गावमुक्तीवाल्यांना तीन जागा, आम्हाला एक. शहराच्या कागदावर मात्र आमच्या गावातून हिरव्यांना काहीच परत आलं नव्हतं, आधी होती तेवढीच मतं. मी काकांना विचारलं तेव्हा त्यांनी खांदे उडवले आणि म्हणाले, मी सगळ्यांना सांगितलं होतं, पण आमचे मतदार स्वतंत्र आहेत. त्यांना यात विनोद दिसला नाही.

आमची ती एक जागा मावशीला मिळाली. यादीत पहिलं नाव मास्तरांचं होतं, पण लोकांनी वेगवेगळी मतं देताना मावशीला थोडी जास्त दिली. मास्तरांनी ते चांगलं घेतलं, कुंडी आणून दिली. मावशीने टपालातून आलेला अधिकृत कागद स्वयंपाकघरात नळाजवळ उभा केला आणि दोन दिवस त्याच्यावर पाणी उडू नये म्हणून भांडी हळू घासली.

पहिल्या बैठकीआधी घरात जे झालं ते ऐकायला मी टेबलाशीच होते. समितीचा अध्यक्ष निवडायचा होता. काका उभे राहणार, त्यांच्याकडे तीन मतं, मोठ्या पक्षांकडे तीन. चौथं मत समोर बसून भात वाढत होतं. काकांनी तो विषय काढलासुद्धा नाही इतकं ते धरून चालले होते. शपथेनंतर सगळ्यांना बिअर कुठे द्यायची यावर बोलत होते.

मावशीने मराठीतच विचारलं. काका बोलत जर्मन असले तरी मराठी सगळी कळते.

"अहो, कुरणावरचे धंदे सोडून राहिले का तुम्ही?"

काकांनी काटा ठेवला. म्हणाले, ते जाहीरनाम्यात छापलंय, लोकांनी त्यावर मत दिलंय. आता मागे कसं घेऊ? आधी मला अध्यक्ष होऊ दे. आणि मग, जरा दुखावून, "शेवटी आपलं घर एक आहे ना?"

"घर एक आहे," मावशी म्हणाली. "घर अर्धं तुमचं, गाडी अर्धी तुमची, पोरगा अर्धा तुमचा. एवढं एक मत सारं माझं आहे. ते काहून मागता?"

ती रागावलेली नव्हती. मला मात्र टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. काकांनी भात संपवला, ताट धुतलं, आणि तळघरात जाऊन सायकल दुरुस्त करू लागले, जी मोडलेली नव्हती.

बैठक अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. भिंतीला पाण्याचे पाइप, मागे बाकावर आम्ही जनता: मास्तर, मी, बेकरीतली बाई आणि आणखी दोघं-तिघं. अध्यक्षाची निवड गुप्त मतदानाने. तीन, तीन, एक चिठ्ठी कोरी. गुप्त काय डोंबल. सगळ्या माना मावशीकडे वळल्या. पुन्हा मतदान, पुन्हा तेच. नियमाप्रमाणे मग चिठ्ठ्या उडवायच्या. दलाच्या एका माणसाने आपलं हेल्मेट आणून दिलं, दोन कागद त्यात टाकले, आणि लेखनिकाने डोळे मिटून एक काढला. काका.

करार, पत्रक, विशेषणं, शिस्त, लाडू, सगळं करून शेवटी गावाचा अध्यक्ष हेल्मेटमधून निघाला. काका उठून उभे राहिले, लाल झाले, आणि त्यांनी पहिल्यांदा मावशीकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत होती, बाकीच्यांइतक्याच.

मग पुढचा विषय: शहराने विचारलं होतं, कुरणाची जमीन उद्योगांसाठी राखावी का, समितीचं मत कळवा. काकांच्या यादीने दुरुस्ती सुचवली: गोदाम नको, फक्त छोटे स्थानिक धंदे. मला वाटलं मोठे पक्ष भांडतील. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच, हसून, मान्य केलं. का नाही करणार? जमीन एकदा उद्योगाची झाली की तिच्यावर काय बांधायचं ते शहर ठरवणार, या गावाच्या समितीची दुरुस्ती फाइलला लावलेली पिन आहे. हे बाकावर बसलेल्या मला, मत नसलेल्या विद्यार्थिनीला दिसत होतं. गावासाठी पाटीकडे न बघणाऱ्या काकांना दिसत नव्हतं. की दिसत होतं आणि त्यांनी तरी हात वर केला, हे मी त्यांना पुढे कितीदा विचारलं, आणि दर वेळी ते तळघरात सायकल दुरुस्त करायला जायचे.

सहा हात वर. हिरव्या मतदारांनी उसन्या दिलेल्या मतांवर निवडून आलेला हातही त्यात होता. विरोधात कोण, विचारल्यावर एक हात.

लेखनिक लिहू लागला: सहा विरुद्ध एक. मावशी उभी राहिली आणि तिच्या इस्पितळातल्या स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाली की विरोधाचं मत कोणाचं ते नाव घालून नोंदवा. लेखनिक म्हणाला, तशी पद्धत नाही, पण मनाई पण नाही. त्याने तिला विचारून पूर्ण नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट.

बाहेर आल्यावर मी भडकले. मास्तरांना म्हटलं, हे तुमचं चार विरुद्ध तीन. ते पिशवीत छत्री शोधत राहिले. घरी येऊन मी तिथल्या तिथे मावशीच्या राजीनाम्याचं निवेदन लिहिलं, चांगलं धारदार, पहिल्या ओळीत राग. विश्वासघाताचा निषेध म्हणून जागा सोडते, वगैरे. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. माझं जर्मन सुधारलंय म्हणाली.

"पण राजीनामा काहून देऊ बाप्पा?"

"मावशी, सहा विरुद्ध एक! तुला वापरलं सगळ्यांनी. तुझ्या मतदारांनी दिलेल्या मतांवर त्यांनी तुझंच कुरण विकलं."

"हो. विकलं. मी नाही विकलं." तिने निवेदनाची घडी घातली. "तुला राग येऊन राहिला ते बरोबर आहे. पण ह्या खुर्चीसाठी मी पासपोर्ट देऊन बसली आहे. पाच वर्षं आहेत. बसणार."

मला ते तेव्हा पटलं नाही, आताही निम्मंच पटतं. लढाई हरल्यावर खुर्चीत बसून राहण्याला आमच्या पत्रकांत वेगळा शब्द होता. शहराच्या सभागृहाने पुढच्या हिवाळ्यात जमीन उद्योगासाठी राखली, छोट्या धंद्यांची अट वगळून. काका दोन आठवडे बिअरच्या अड्ड्यावर गेले नाहीत. पिवळी पाटी आहे तशीच आहे.

मी शिक्षण संपवून गेर्लिंगेनला नोकरीला लागेपर्यंत त्या हॉलमधल्या बैठकांना जात राहिले. प्रत्येक बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेत मावशीचा एक विषय असायचा: उरलेली झाडं, घरटी, कुंपण कुठवर आलं. अध्यक्षांना नियमाने तिला बोलायला सांगावं लागे. काका कागदाकडे बघत 'फ्राऊ', म्हणजे श्रीमती, म्हणायचे आणि पुढे स्वतःचंच आडनाव लावायचे. ती उभी राहून मिळालेला सगळा वेळ बोलायची, एक मिनिटही न सोडता. सहा जण घड्याळाकडे बघायचे. मग मतदान व्हायचं, ती हरायची, आणि लेखनिक न विचारता तिचं पूर्ण नाव लिहायचा.